वरचे पाच नारळ

नारळ कानाशी धरून हलवू नका. पाणी वाजलं की नारळ चांगला, असं ज्याने तुम्हाला शिकवलं त्याने जन्मात नारळ विकला नसेल. फार खळखळ वाजतं त्याचा अर्थ आतलं पाणी आटायला लागलंय. नारळ हातात घेऊन तोलायचा, मग दोन नारळ एकमेकांवर हलके आपटायचे. ठणठणीत आवाज आला तर घ्यायचा, बसका आला तर कुठेतरी चीर आहे. शेवटी शेंडी बाजूला करून तीन डोळे बघायचे. डोळे कोरडे असले तर बाकी सगळं ठीक असतं.

हे फुकट सांगितलं. एरवी मी फुकट काही सांगत नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे व्यवसायाच्या आठवणी मागितल्या. माझ्याकडे आठवणी कमी आणि तक्रार जास्त आहे. उज्जैनच्या फ्रीगंजातले जुने लोक ती तक्रार ओळखतात, कारण टावर चौकात चहा पिताना मी ती इतक्यांदा सांगितली आहे की काही जण मला पाहून दुसऱ्या बाजूने जातात. कोकणातल्या एका गावाने मला शब्द दिला आणि ऐन सिंहस्थात तोंडघशी पाडलं, अशी ती तक्रार. आठ वर्षं मी ती सांगत होतो. त्यानंतर काय झालं ते मात्र मी चौकात सांगितलेलं नाही. ते इथे लिहितो, म्हणजे कोणी मध्येच टोकणार नाही.

माझे वडील एका सरदारांच्या मुदपाकखान्यात आचारी होते. सरदारांचा डामडौल उतरला तशी वडिलांची नोकरीही उतरली. त्यांनी मला वारशात पुरणपोळीचं प्रमाण दिलं, दुसरं काही नाही. मी हातगाडीवर नारळ ठेवून महाकालच्या रस्त्याला उभा राहिलो. दोन वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. उज्जैनला येणारा नारळ चार हात फिरून येतो आणि प्रत्येक हात त्यातलं काहीतरी खातो. म्हणून ठरवलं, जिथे झाड आहे तिथेच जायचं.

तेव्हा जाणं सोपं नव्हतं. उज्जैनहून मुंबईपर्यंत रेल्वे, मुंबईहून आगबोट, बंदरात होडीतून उतरायचं, मग इस्माईल तांडेलच्या मचव्यातून खाडीने आत. मचवा म्हणजे शिडाची मालवाहू होडी आणि तांडेल म्हणजे ती चालवणारा. इस्माईल माझ्याच वयाचा. मला समुद्र लागायचा आणि त्याला त्याची मजा वाटायची.

"शेट, शिप्रेत बुडी मारताव तुम्ही. मग या पाण्याला कशाला भिताव?"

"शिप्रेला तळ आहे," मी म्हणायचो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावाला मी इथे माडवणे म्हणतो. खाडीच्या तोंडाशी इस्माईलच्या जातभाईंची आणि गाबीत मच्छीमारांची घरं, मधल्या पट्ट्यात भंडाऱ्यांच्या माडांच्या वाड्या, वर चढणीवर खोतांचं चौसोपी घर आणि त्याही वर पावणाई देवीचं देऊळ. पहिल्या वर्षी मला वाटलं, एवढं एक गाव, सगळे एकच असतील. ते एक नव्हते. गाबीत भंडाऱ्यांकडून नारळ घेत, भंडारी गाबितांकडून मासळी घेत, आणि दोघेही खोतांच्या पायरीशी चपला काढत. पण भाव ठरवताना प्रत्येकाची रीत वेगळी होती.

सुरुवातीच्या वर्षांत माझा संबंध फक्त खोतांशी आला. आप्पा खोत. गोरे, बारीक, हातात नेहमी अडकित्ता. सगळ्या वाड्यांचा माल त्यांच्या शब्दाने उचलला जायचा. पहिल्या सौद्याच्या वेळी मी आमच्या मंडीच्या रिवाजाप्रमाणे रुमाल काढला. आमच्याकडे भाव बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे बाजूच्या व्यापाऱ्याला कळत नाही. मी रुमाल टाकला आणि आप्पांचा हात पकडला. ते अडकित्त्यासकट उठून उभे राहिले.

"अहो उज्जैनकर, सोडा! लग्न ठरवताय की नारळ?"

घरातल्या बायका आत हसत होत्या. पण त्या हसण्यातच मी त्यांच्याकडून हवा तो भाव काढला, हेही सांगतो. माणूस हसतो तेव्हा त्याची मूठ सैल असते. मी आप्पांना जाताना माझा पत्ता लिहून दिला, आणि त्यांनी तो पंचांगाच्या मागे नीट उतरवून घेतला.

मग देश स्वतंत्र झाला आणि सगळं एकामागून एक हललं. इकडे ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झालं. मी घर बदललं नाही, पण पाकिटावरचा पत्ता बदलला. तिकडे मुंबई राज्यात दारूबंदी आली. भंडाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा माडावर चढून माडी काढण्याचा होता. तो एका हुकुमाने गुन्हा झाला. माडी काढतात त्या झाडाला नारळ धरत नाही. काढणं बंद झालं तशी ती सगळी झाडं हळूहळू नारळांनी लगडली. मग कायद्याने खोती गेली आणि वाड्या कसणाऱ्यांच्या झाल्या. आप्पा अडकित्ता घेऊन ओसरीवर तसेच बसलेले असायचे, पण पायरीशी चपला दिसत नव्हत्या.

माझ्यासारख्याला यातून एकच प्रश्न पडला. आता भाव करायचा कोणाशी?

सिंहस्थाच्या आधीचा फाल्गुन. तुम्हाला सिंहस्थ काय असतो ते सांगायला नको. महाकालच्या रस्त्यावरच्या दुकानदारांचा म्होरक्या लखनलाल. त्याला मी शब्द दिला होता, की सगळ्या रस्त्याला शेंडीचा, पिकला, न तडकणारा नारळ मी पुरवीन. हे 'न तडकणारा' महत्त्वाचं आहे. कोकणातला नारळ ओल्या हवेत वाढतो. वैशाखात माळव्याची लू, ते तापलेलं कोरडं वारं, लागली की करवंटी आकसते आणि नारळ उभा फुटतो. म्हणून तो जून असावा लागतो आणि सोलताना डोळ्यांवर भरपूर शेंडी राखावी लागते. असं सोलणारे हात माझ्या माहितीत फक्त माडवण्यात होते. लखनलालच्या बोलीवर मी फ्रीगंजातल्या एका गाळ्यासाठी बोलणी केली होती. हातगाडीवरून उठून पाटी लावायची होती. बायकोने पाटीवरची अक्षरंसुद्धा ठरवली होती.

गावात पोहोचलो तर आप्पा म्हणाले, "मला काय विचारता? वाडीत जा. आता ते राजे."

वाडीचा मानकरी धर्माजी. पन्नाशीचा भंडारी, पायाच्या तळव्यांना माडावर चढून चढून घट्टे पडलेले. गावच्या वतीने देवीपुढे बोलण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. त्याने मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी भाव सांगितला. त्याने ऐकून घेतला. मी वाढवला. तेव्हाही त्याने ऐकून घेतला.

"अहो, काहीतरी बोला की!"

"शेटानू, आमी काय बोलतलव? वाडयेचो सगळो माल एका माणसाक देवचो म्हणजे देवीक इचारूक व्हया."

"पूर्वी खोत एका सुपारीत ठरवायचे."

"ते खोत ठरवीत. आता आमी ठरवतलव. म्हणान इचारूचा."

त्या वाक्यात काय आहे ते तेव्हा मला कळलं नाही. मी घड्याळ बघत होतो. आगबोट दुसऱ्याच रात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळी वाडी जमली. कौल लावणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो. मानकरी प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कोणतीच पडली नाही तर थांबायचं. कितीही वेळ.

धर्माजी हात जोडून उभा राहिला आणि त्याचा आवाज बदलला. आदल्या दिवशी गप्प बसणारा हा माणूस मोठ्याने बोलत होता.

"गे आई पावणाये! आज हो उज्जैनचो मनीस तुझ्या दारात उभो रवलो हा. वाडयेचो सगळो माल ह्येका देवचो काय नाय, ता तूच सांग. पोरांबाळांच्या तोंडचो घास हा. सांभाळून कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात.

उजवी पाकळी पडली. लगेच. गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच. लोक हसले, कोणीतरी घंटा वाजवली, एका म्हातारीने माझ्या हातावर साखर ठेवली. धर्माजीच्या डोळ्यांत पाणी होतं. माडी बंद झाल्यापासून त्यांना दरसाल येणारा एक माणूस हवा होता. तो मिळाला असं त्याला वाटत होतं.

आणि तिथे मी ते बोललो.

आमच्या मंडीत सौदा पटला की घेणारा वरचं मागतोच. शंभराला पाच नारळ वर. ते मागितलं नाही तर विकणाऱ्याला वाटतं याला माल पसंत नाही. सवय होती. जीभ आपोआप चालली.

"ठरलं तर मग. आणि शेकड्याला वरचे पाच?"

साखर देणारी म्हातारी माझ्या हाताकडे बघायला लागली, जणू ती साखर परत घ्यावी की काय. इस्माईल देवळाबाहेर पायरीच्या खाली उभा होता. त्याने कपाळावर हात मारलेला मला दिसला.

धर्माजी हळू म्हणाला, "शेटानू, भाव माज्याशी केलास असतास तर मी दिलंय असतंय. आता देवीन सांगला. आता देवीशी भाव करतास?"

मी म्हणालो, "असू द्या, राहू द्या ते पाच." पण ते राहू शकत नव्हतं. बोललेलं बोललं होतं. गुरवाने पुन्हा पाकळ्या भिजवल्या. नवा प्रश्न: या माणसाने असं मागितलं, तरीही माल याचाच का?

पाकळ्या चिकटून राहिल्या.

मी बसलो, उठलो, देवळाभोवती चालून आलो. पाकळ्या तशाच. ऊन देवळाच्या उंबऱ्यावरून आत सरकलं. कोणी हलत नव्हतं. मला आयुष्यात सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट म्हणजे बसणं, आणि ते लोक दगडासारखे बसले होते. मी गुरवाला म्हणालो, पाणी जास्त लावलंय का बघा. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी धर्माजीला म्हणालो, माझी बोट चुकेल. तो म्हणाला, "बसा." मी पुन्हा म्हणालो. तो पुन्हा म्हणाला, "बसा."

दुपार कलली तेव्हा माझं डोकं फिरलं. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एका ओल्या पाकळीसाठी माझं दुकान अडवून ठेवलंय, तुम्हाला धंदा कळत नाही, खोतांच्या वेळी हे गाव बरं होतं, असं बरंच. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मी तरातरा उतरलो आणि इस्माईलला मचवा सोडायला लावला.

"शेट, अजून जरा थांबा," इस्माईल म्हणाला. "भरतीही नाही झाली पुरी."

"तू हाक. नाहीतर मी पोहत जातो."

"शिप्रा नाही ही," तो पुटपुटला, पण त्याने शीड वर चढवलं.

बंदरावरच्या एका व्यापाऱ्याकडून मिळेल तो माल उचलला. नारळ दिसायला तुकतुकीत होता, पण कोवळा आणि शेंडी तासून काढलेला. मला ते दिसत होतं. तरीही घेतला. रागात माणूस डोळे बघत नाही, नारळाचेही आणि स्वतःचेही.

सिंहस्थात लू सुटली. लखनलालच्या दुकानात माझ्या नारळांची रास होती. तडाक. मग पुन्हा तडाक. भाविक दचकायचे.

"भाईसाब," लखनलाल सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडला, "नारियल लाए हो कि पटाखे?"

तो गाळा दुसऱ्याने घेतला. आज मी जिथे बसतो तो मला पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाला, आणि त्याचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारभर ऊन येतं. बायको एवढंच म्हणाली, "देवीशी घासाघीस करायला गेला होतात ना?" तिने हे आजवर निदान शंभरदा म्हटलं असेल. वरचे पाच धरून.

त्यानंतर मी माडवण्याचं नाव टाकलं. मध्यभारतही मध्यप्रदेशात गेला, पाकिटावरचा पत्ता पुन्हा बदलला. मी केरळकडचा माल आणायला लागलो, आणि चौकात माझी तक्रार सांगायला लागलो. शब्द दिला, देवीसमोर दिला, आणि पाच नारळांसाठी मोडला!

आठ वर्षांनी मुंबईच्या धक्क्यावर इस्माईल भेटला. दाढी पांढरी झाली होती. मी तोंड फिरवलं. तो समोर येऊन उभा राहिला.

"शेट, तुमचे माड बघायला कधी येताव?"

"माझे कसले माड?"

"या तर खरं."

मी गेलो. का गेलो? भांडायला. आठ वर्षांचं भांडण साठलं होतं, ते पुरं करायचं होतं.

खाडीच्या काठाने, जिथे पूर्वी नुसती वाळू होती, तिथे माडांची रांग उभी होती. उंच नव्हते, हात वर केला तर नारळांच्या पेंडीला लागेल असे. पहिल्यांदाच धरलेले. धर्माजी त्यांच्या बुंध्याशी माती ओढत होता. म्हातारा झाला होता. मला बघून त्याने कुदळ बाजूला ठेवली.

"इलात? बसा."

मी बसलो नाही. "मला बुडवलंत तुम्ही," मी म्हणालो. "सगळ्या गावाने मिळून."

त्याने हातांची माती झटकली. चिडला नाही, याचा मला जास्त राग आला.

"तुमी गेलास," तो म्हणाला, "मचवो खाडीच्या तोंडाशी नाय पोचलो तोवर पाकळी पडली. उजवी."

मी खाडीच्या तोंडाकडे पाहिलं.

"माल तुमचोच ठरलो. बंदरावर माणूस धाडलंय, तर आगबोट सुटलेली. मगे आमी वाट बघलव. शेट रागान गेलो हा, राग उतरलो की येतलो. नारळ सोलून खोपटीत भरून ठेवले होते."

"दुसऱ्याला विकायचे ना!"

"कौल तुमच्या नावाचो. दुसऱ्याक कसे दितलव? तुमी स्वतः नको म्हणूक व्हया होता. तुमी तर काय म्हणलासच नाय. नुसते गेलास."

"मग?"

"मगे पावस इलो. बंदर बंद. सोललेले कुजले. न सोललेल्यांका कोंब इले. टाकूचे कशाक? हय लावलव." त्याने रांगेकडे हात केला. "उज्जैनवाल्याचे माड म्हणतत ह्यांका."

"आणि त्या वर्षी तुम्ही... वाडीने काय केलं?"

"त्या वर्साक जरा ओढाताण झाली," धर्माजी म्हणाला, आणि कुदळीची माती काढायला लागला.

सगळ्या वाडीचा वर्षाचा माल. मी किती चौकांत, किती जणांना काय काय सांगितलं ते मला त्या क्षणी एका दमात आठवलं. पण मी मी आहे. मला कुठेतरी भांडायला जागा हवीच होती.

"एक कार्ड टाकायचं होतं! एक पोस्टकार्ड!"

"माका लिवूक येणा नाय. वाडयेत तेव्हा कोणाकच येय नाय. लिवूक येय ता खोतांका. आणि तुमचो पत्तो पण तेंच्याकडेच." त्याने वरच्या चढणीकडे बोट केलं. "खोतांच्या पायरेर आता कोण जातलो?"

मी तसाच चढण चढून आप्पांकडे गेलो. दम लागला होता. ते ओसरीवर होते, अडकित्ता हातात, सुपारी नाही.

"तुमच्या पंचांगाच्या मागे माझा पत्ता होता," मी ओरडलो. "दोनशे पावलांवर नारळ कुजत होते, आणि तुम्ही कार्ड टाकलं नाहीत?"

"मला विचारायला कोण आलं?" आप्पा म्हणाले. "आणि लिहायचं कुठे, उज्जैनकर? तो पत्ता ग्वाल्हेर संस्थानचा होता. तुमचं संस्थान गेलं, आमची खोती गेली. कार्ड काय हवेत सोडायचं?"

"पोस्टमन मला ओळखतो!"

"तो तुम्हाला ओळखतो. मला कोण ओळखतं आता?"

मी तणतणत पायऱ्या उतरलो. खाली धर्माजी वर यायला तयार नव्हता, वर आप्पा खाली जायला तयार नव्हते, आणि मधल्या दोनशे पावलांत एका वर्षाचे नारळ सडले होते. त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही. मात्र आता मी तिघांना धरतो. तिसरा कोण ते सांगायला नको.

परतताना धर्माजीला म्हणालो, या माडांचा माल मी घेतो, आणि मी भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून बाजारापेक्षा चढा सांगितला. धर्माजी म्हणाला, एवढा नको. मी म्हटलं, घ्यावाच लागेल. तो म्हणाला, माल तुमचाच, तुमच्याकडून कसला भाव? मी भडकलो. तोही थोडा भडकला, आणि मला बरं वाटलं. खाडीच्या काठावर उभे राहून आम्ही उलटा सौदा करत होतो, मी वर ओढत होतो, तो खाली. इस्माईल मचव्यात पोट धरून हसत होता. शेवटी मध्यावर कुठेतरी पटलं.

"देवीला विचारायचं का?" मी म्हणालो.

"तिना आठ वर्सांमागे सांगला," धर्माजी म्हणाला. "परत परत काय इचारतास?"

मी मचव्यात चढलो. त्याने काठावरून हाक मारली. हातात नारळ होते, लांब शेंडी राखून सोललेले. एकेक करून त्याने ते माझ्या हातात दिले. मी मोजले नाहीत. तरी हात मोजतातच.

"हे घेवा," तो म्हणाला. "वरचे पाच."

ते पाच मी विकले नाहीत. चार घरात फोडले. पाचवा दुकानात गल्ल्याच्या वर ठेवला आहे, पश्चिमेच्या उन्हात. किती उन्हाळे गेले. गिऱ्हाईक विचारतं, माझा मुलगा सांगतो की विकायचा नाही. लू सुटली की मी आवाजाची वाट बघत दुकानात येरझारा घालतो. अजून तडकलेला नाही.